तेलविहिरीतला स्केल: आधी ओळखायचा कसा आणि आवरायचा कसा?

महापे_लॅब

नमस्कार मंडळी,

आपल्या ठाणे-नवी मुंबईकडे तेल-वायूच्या कामात असलेली बरीच माणसं आहेत, कोणी न्हाव्याच्या सप्लाय बेसवर, कोणी उरणच्या प्लँटला, कोणी ओएनजीसीच्या पनवेल फेज टू ला, आणि कोणी चौदा दिवस समुद्रात चौदा दिवस घरी. त्यांच्यासाठी आणि ज्यांना नुसती उत्सुकता आहे त्यांच्यासाठीही हा धागा काढतेय. मी महापेला एका लॅबमध्ये पाणी तपासते, त्यात तेलाबरोबर वर येणाऱ्या पाण्याचे नमुने असतात, आणि त्यावरून विहिरीत स्केल, म्हणजे क्षारांचा कडक थर, धरेल का हे सांगायचं असतं. माझं ठाम मत असं झालंय की स्केलचं सगळं भाकीत शेवटी पाण्याच्या नमुन्यावर उभं असतं आणि नमुना घेण्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. सॉफ्टवेअर महाग, इंजिनियर हुशार, थर धरू न देणारं रसायन म्हणजे इनहिबिटर चांगला, आणि बाटली मात्र कुणीतरी घाईत भरलेली.

आधी थोडक्यात विषय. जमिनीखालच्या खडकात तेलाबरोबर खारं पाणी असतं, त्यात कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, बायकार्बोनेट असं बरंच काही विरघळलेलं असतं. तिथे ते लाखो वर्षं त्या दाबाला आणि तापमानाला स्थिरावलेलं असतं. विहीर चालू झाली की दाब पडतो, तापमान बदलतं, किंवा दुसरं पाणी येऊन मिसळतं, आणि जे विरघळलेलं होतं ते घट्ट होऊन ट्युबिंगमध्ये (तेल वर आणणाऱ्या पाइपात), व्हॉल्व्हमध्ये, पंपात, छिद्रांत बसतं. तोच स्केल.

आपल्या कामात मुख्य दोन. एक कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे कॅल्साइट. हा दाब पडल्यामुळे होतो, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वायूत निघून जातो, पीएच वाढतो आणि बायकार्बोनेटचं कार्बोनेट होऊन कॅल्शियमला धरतं. दुसरा बेरियम सल्फेट म्हणजे बेराइट, हा पाणी मिसळल्यामुळे होतो. दाब टिकवायला समुद्राचं पाणी खडकात ढकलतात, त्यात लिटरला २७०० मिलिग्रॅमच्या आसपास सल्फेट असतं, खालच्या पाण्यात बेरियम असलं की दोघं भेटल्याबरोबर बेराइट तयार. साध्या पाण्यात २५ अंशाला बेराइट लिटरला जेमतेम अडीच मिलिग्रॅम विरघळतो, खाऱ्या पाण्यात थोडा जास्त, पण तरी किती कमी ते बघा. जिप्सम, सेलेस्टाइट, आयर्न सल्फाइड, गॅसच्या विहिरीत पाणी उडून गेल्यामुळे धरणारं साधं मीठ हेही आहेत, पण ते विचारलंत तर बोलू.

प्रश्न कुठलेही विचारा, अगदी प्राथमिक असले तरी चालतील.

घोडबंदरवासी

ताई, छान धागा. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो, प्लंबर ॲसिड टाकून साफ करून देतो. विहिरीतलं तेच का? आणि तेच असेल तर थर धरू द्यायचा आणि वर्षातून एकदा ॲसिडने धुवून काढायचा, एवढा विचार कशाला?

महापे_लॅब

तुमच्या गिझरमधला आणि कॅल्साइट स्केल केमिस्ट्रीच्या दृष्टीने एकच, फक्त तिथे तापल्यामुळे होतो आणि विहिरीत मुख्यतः दाब पडल्यामुळे. उलट विहिरीत पाणी वर येताना थंडच होतं आणि थंड पाण्यात कॅल्साइट जास्त विरघळतो, पण दाबाचा परिणाम त्याच्यावर मात करतो.

आणि हो, कॅल्साइट ॲसिडला विरघळतो, १५ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड नेहमी वापरतात. पण बेराइट ॲसिडला अजिबात दाद देत नाही. त्याला डीटीपीए सारखी कीलेट करणारी, म्हणजे धातूचे आयन पकडून ठेवणारी, रसायनं अल्कलाइन करून, गरम असताना, तासन् तास भिजवून ठेवावी लागतात आणि तरी जाड थर असला तर जातच नाही, मग कॉइल्ड ट्युबिंग (गुंडाळीवरची लांब बारीक नळी) आत सोडून पाण्याचा जेट मारा नाहीतर मिलिंग करून खरवडा. समुद्रात त्यासाठी बोट, माणसं, उपकरणं न्यायची आणि तेवढे दिवस विहीर बंद. म्हणून "धरू द्या मग बघू" हे बेराइटला लागूच होत नाही.

फेज_टू

महापे ताई, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी प्रॉडक्शनमध्ये आयुष्य काढलं, आता निवृत्त, पनवेललाच असतो.

"मग बघू" म्हणणाऱ्यांना मी उत्तर समुद्रातल्या मिलर फील्डचं उदाहरण द्यायचो. तिथे एक विहीर दिवसाला ३०,००० बॅरलवरून २४ तासांत शून्यावर आली होती, स्केलमुळे. ही गोष्ट आमच्या व्यवसायात सगळ्यांना पाठ आहे. हळूहळू उत्पादन कमी होईल, मग आपण ठरवू, असं गृहीत धरायला जागाच नाही. आणि उत्पादनाच्या आधी सुरक्षितता. समुद्रतळाखाली ट्युबिंगमध्ये एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, वर काही अपघात झाला तर तो आपोआप बंद होऊन विहीर अडवतो. त्याच्या फ्लॅपरवर (झडपेवर) स्केल बसला तर तो पूर्ण मिटत नाही. तेल कमी आलं तर पैसे जातात, हा व्हॉल्व्ह मिटला नाही तर माणसं जातात.

आपल्या मुंबई हायबद्दल थोडं. १९७४ च्या फेब्रुवारीत सागर सम्राट या रिगने तिथे तेल शोधलं, १९७६ च्या मे मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि १९८४ पासून समुद्राचं पाणी आत ढकलायला सुरुवात झाली. मुख्य खडक चुनखडीचा, म्हणजे कॅल्साइटचाच. याचा अर्थ नीट लक्षात घ्या, खालचं पाणी त्या खडकात इतकी वर्षं मुरलंय की ते कॅल्साइटने आधीच काठोकाठ भरलेलं आहे, जराही दाब पडला की जास्तीचं बाहेर पडणार. आणि तिथे बऱ्याच विहिरी गॅस लिफ्टवर चालतात, म्हणजे ट्युबिंगमध्ये गॅस सोडून तेल हलकं करून वर आणतात, जिथे गॅस आत शिरतो त्या व्हॉल्व्हपाशी खळबळ असते, तिथे थर धरायला आवडतं. विहिरीत कुठे बघायचं हे ठरवताना ही जागा विसरू नका.

नेरुळ_केम

ताई, काका, मी केमिकल इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट याच विषयावर घ्यायचा विचार आहे. आम्हाला सॅच्युरेशन इंडेक्स शिकवलाय. तो शून्याच्या वर गेला म्हणजे स्केल होणारच, खाली असला म्हणजे नाही, इतकं सोपं आहे का? आणि लॅंगेलियर इंडेक्स इथे चालेल का?

महापे_लॅब

इंडेक्स म्हणजे पाण्यात आत्ता असलेल्या आयनांचा गुणाकार भागिले संपृक्ततेला जेवढा असायला हवा तेवढा गुणाकार, आणि त्याचा लॉग. शून्य म्हणजे बरोबर काठावर. एक म्हणजे दहापट जास्त, दोन म्हणजे शंभरपट. शून्याच्या खाली असेल तर तो स्केल होणार नाही हे नक्की, आधी असलेला उलट विरघळेल. पण वर असला म्हणजे *होऊ शकतो* एवढंच कळतं. कधी होईल, किती वेगाने, भिंतीला चिकटेल का पाण्याबरोबर वाहून जाईल, हे इंडेक्स सांगत नाही. थोडा वर असताना पाणी कितीतरी वेळ तसंच राहू शकतं, पहिला कण जन्माला यायलाच वेळ लागतो. खरखरीत पाइप, चोक (प्रवाह आवरणारा व्हॉल्व्ह), वळण, आधीचा थोडा थर, हे असलं की तो वेळ कमी होतो.

लॅंगेलियर १९३६ चा, पिण्याच्या गोड पाण्यासाठी. तेलक्षेत्राच्या खाऱ्या पाण्यासाठी स्टिफ आणि डेव्हिसने १९५२ मध्ये बदल केला, नंतर ओडो आणि टॉमसनने दाब, तापमान आणि कार्बन डायऑक्साइड धरून पद्धत दिली. हल्लीची सॉफ्टवेअर्स पिट्झरच्या १९७० च्या दशकातल्या मॉडेलवर चालतात कारण इतक्या मिठात आयन एकमेकांना सारखे ओढत-ढकलत असतात, त्यांची नुसती मात्रा धरून हिशेब चुकतो.

आणि एक गोष्ट पुस्तकात सहसा ठळक नसते. इंडेक्स मोठा आणि स्केलचं वजन मोठं हे एकाच वेळी घडेलच असं नाही. समजा खालच्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅम बेरियम आणि समुद्राच्या पाण्यात २७०० सल्फेट. दोन्ही निम्मं-निम्मं मिसळलं तर गुणाकार सगळ्यात मोठा, पण बेरियम १०० वर आलेलं, त्यामुळे बेराइट जास्तीत जास्त १७० मिलिग्रॅम. समुद्राचं पाणी फक्त ५ टक्के असताना मात्र बेरियम १९० आणि सल्फेट १३५, हे दोघं एकमेकांना जवळजवळ बरोबर पुरतात आणि बेराइट होतो ३२० च्या वर. म्हणजे समुद्राचं पाणी नुकतंच विहिरीत पोचायला लागलंय, लोक म्हणतायत की अजून कुठे फारसं आलंय, तेव्हाच माल सगळ्यात जास्त पडायची शक्यता. काही भाग आत खडकातच पडून जातो हे खरं, पण त्या टप्प्यावर बेसावध राहायचं नाही.

कळवा_ते_हाय

नमुन्याबद्दल ताई बरोबर बोलल्या, मी प्लॅटफॉर्मवर असतो, नमुने आम्हीच भरतो. पण खरं सांगू का, आम्हाला नुसतं "पाण्याचं सॅम्पल पाठवा" असा मेसेज येतो. कुठल्या पॉइंटवरून, कसं, काय घालून, काही नाही. मग जो व्हॉल्व्ह सोपा पडतो तिथून भरलं जातं आणि बोटीने न्हाव्याला, तिथून लॅबला, मध्ये किती दिवस जातात त्याचा पत्ता नाही. तुम्हाला नक्की काय हवंय ते एकदा नीट लिहा, मी प्रिंट काढून सॅम्पल पॉइंटजवळ लावतो.

महापे_लॅब

दादा, याच्यासाठीच धागा काढला होता, लिहिते.

सेपरेटरच्या (तेल, गॅस, पाणी वेगळं करणाऱ्या टाकीच्या) पाण्याच्या लाइनवरून घ्या, आधी थोडा वेळ वाहू द्या म्हणजे लाइनमध्ये साचलेलं निघून जाईल. पीएच आणि अल्कलिनिटी (मुख्यतः बायकार्बोनेट) तिथेच, लगेच मोजा. बाटली उघडी राहिली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो, आणि आमच्याकडे पोचेपर्यंत बाटलीच्या तळाला कॅल्साइट बसलेला असतो, मग आम्ही जे मोजतो ते विहिरीतलं पाणी नसतंच. एक बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद, क्लोराइड, सल्फेट वगैरेसाठी. दुसरी बाटली धातूंसाठी, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून लगेच गाळून त्यात थोडं नायट्रिक ॲसिड, म्हणजे कॅल्शियम, लोह विरघळलेलं राहील. बेरियम असलेल्या मिश्र पाण्यात नुसतं ॲसिड पुरत नाही कारण बेराइट ॲसिडला ऐकत नाही हे वर आलंच, तिथे ईडीटीए सारखं काहीतरी घातलेलं द्रावण आम्ही मोजून बाटलीत देतो, त्यातच नमुना घालायचा. गॅसमधला कार्बन डायऑक्साइड किती टक्के, सेपरेटरचा दाब-तापमान किती, दिवसाला पाणी किती येतं, हे लेबलवर. आणि त्या विहिरीत इनहिबिटर किंवा ॲसिड जात होतं का तेही, त्याने आकडे फिरतात.

अल्कलिनिटीत अजून एक अडचण. तेलाच्या पाण्यात ॲसिटेटसारखी सेंद्रिय आम्लं असतात, टायट्रेशनमध्ये ती बायकार्बोनेट म्हणून मोजली जातात आणि कॅल्साइटचा धोका आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. ती वेगळी मोजून वजा करायची. काकांनी सांगितलं ना की चुनखडीतलं पाणी खाली काठावर असतं, त्याचाच उपयोग करून पडताळणी करता येते. खालच्या दाब-तापमानाला कॅल्साइटचा इंडेक्स शून्याच्या जवळ यायला हवा, खूप वेगळा आला तर नमुना किंवा तपासणी कुठेतरी बिघडलीय हे समजायचं आणि पुन्हा मागवायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रिपोर्टमध्ये बेरियम कमी दिसलं की लोक सुटकेचा श्वास टाकतात, तसं करू नका. कमी का झालं ते विचारा. मूळ पाण्यात क्लोराइड ३५,०००, समुद्रात १९,००० असं धरा. आज विहिरीच्या पाण्यात ३३,४०० आलं, म्हणजे समुद्राचं पाणी १० टक्के. त्या हिशेबाने बेरियम १८० असायला हवं. रिपोर्टमध्ये आलं ६०. उरलेलं १२० गेलं कुठे? वाटेत बसलं. त्याचा बेराइट होतो लिटरला २०४ मिलिग्रॅम, विहीर दिवसाला हजार बॅरल पाणी देत असेल तर रोजचे ३२ किलो. सगळं ट्युबिंगमध्येच बसतंय असं नाही, पण कुठेतरी बसतंय. ही आकडेमोड कागदावर होते, महागडं काही लागत नाही, लागतात ते दर काही आठवड्यांनी घेतलेले नीट नमुने, एकाच विहिरीचे, एकाच पद्धतीने.

कळवा_ते_हाय

हे प्रिंट होतंय. ईडीटीएवाल्या बाटल्यांवर वेगळ्या रंगाचं झाकण देता आलं तर बरं, रात्रपाळीत गोंधळ होणार नाही.

घोडबंदरवासी

बेरियमच्या हिशेबाने डोळे उघडले. पण मग थांबवायचं कसं? रोज ३२ किलो थांबवायला रोज तेवढंच केमिकल लागत असेल ना?

फेज_टू

नाही, आणि या विषयात मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट तीच. इनहिबिटर पाण्यात ५-१० पीपीएम असला तरी पुरतो बरेचदा. तो बेरियमला विरघळवून ठेवत नाही, नुकत्या जन्मलेल्या स्फटिकाच्या वाढीच्या टोकांवर जाऊन बसतो आणि पुढचा आयन तिथे बसू देत नाही. फॉस्फोनेट आणि काही पॉलिमर ही मुख्य दोन घराणी. किती लागेल ते लॅबमध्ये ट्यूब ब्लॉकिंग टेस्टवर काढतात, बारीक नळीतून दोन पाणी एकत्र सोडायची आणि नळी तुंबून दाब कधी चढतो ते बघायचं, मग इनहिबिटर कमी-कमी करत जायचं.

पोचवायच्या दोन वाटा. सतत थोडं-थोडं सोडत राहायचं, बारीक लाइनने किंवा लिफ्ट गॅसबरोबर. गॅसबरोबर सोडताना एक ध्यानात ठेवा, कोरडा गॅस इनहिबिटरमधलं पाणी शोषून घेतो आणि मागे चिकट गोळा राहून गॅस लिफ्ट व्हॉल्व्हच तुंबतो, म्हणून त्यात ग्लायकॉल असलेलं मिश्रण लागतं. आणि जिथे सोडता त्याच्या खालच्या भागाला काहीच संरक्षण नाही.

दुसरी वाट स्क्वीझ. विहीर थांबवून इनहिबिटर खडकातच ढकलायचा, मागून पाणी सोडून तो काही फूट आत न्यायचा, १२ ते २४ तास तसाच ठेवायचा. तो खडकाला धरून बसतो आणि उत्पादन चालू केल्यावर थोडा-थोडा सुटत राहतो, महिनोन् महिने. चुनखडीत तो कॅल्शियमबरोबर स्वतःच बसतो, हे चांगलंही आहे आणि जपण्यासारखंही, फार आम्लधर्मी आणि फार तीव्र ढकललं तर खडकाची छिद्रं त्यानेच बुजतात. परत येणाऱ्या पाण्यात तो किती उरलाय ते मोजत राहायचं, कमीत कमी लागणाऱ्या मात्रेच्या खाली जायच्या आत पुढची स्क्वीझ. इथेही नमुना आलाच बघा.

तिसरी वाट मुळावरच. समुद्राचं पाणी आत सोडायच्या आधी नॅनोफिल्ट्रेशनच्या मेम्ब्रेनमधून काढून सल्फेट २७०० वरून ४० च्या आत आणायचं. १९८० च्या दशकाच्या शेवटी उत्तर समुद्रातल्या साउथ ब्रे फील्डवर हे पहिल्यांदा केलं. खर्च मोठा, प्लॅटफॉर्मवर जागा आणि वजन लागतं, म्हणून नव्या फील्डची आखणी करतानाच हा निर्णय घ्यावा लागतो.

आणि कुठलंही नवीन रसायन आणलं की आधीच्या करोजन इनहिबिटरबरोबर (गंज रोखणाऱ्या रसायनाबरोबर) बाटलीत मिसळून बघा. बहुतेक करोजन इनहिबिटर धन भाराचे, स्केलचे ऋण भाराचे, दोघं एकमेकांना धरून बसले तर दोन्ही वाया.

करंजा_कोळी

मी करंज्याचा, घरात मासेमारी, भाऊ आमचा बोटीवर सप्लायच्या कामाला. सगळं वाचलं, समजलं पण बऱ्यापैकी. माझा प्रश्न सरळ आहे, हे फॉस्फोनेट न पॉलिमर शेवटी समुद्रातच येतात ना? आणि एक ऐकलंय की तो स्केल रेडिओॲक्टिव्ह असतो, ते खरं हाय का?

महापे_लॅब

दादा, दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि उत्तर गोल करणार नाही.

हो, तेलापासून वेगळं केलेलं पाणी समुद्रात सोडलं जातं त्यात उरलेला इनहिबिटर असतो. मात्रा थोडी असते. फॉस्फोनेट माशांना फारसे विषारी नसतात पण निसर्गात मोडायला खूप वेळ घेतात, हा त्यांच्यावरचा मुख्य आक्षेप आहे. पॉलीअस्पार्टेटसारखे लवकर मोडणारे इनहिबिटर आलेत, युरोपात उत्तर समुद्रासाठी रसायनांना त्यानुसार श्रेणी देतात. आपल्याकडे सोडायच्या पाण्यातल्या तेलावर मर्यादा आहे, ९५ टक्के नमुन्यांत लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत आणि कधीच १०० च्या वर नाही. माझ्या मते इनहिबिटर निवडतानाच तो किती लवकर मोडतो ही अट किमतीच्या बरोबरीने लावली पाहिजे. आणि मात्रा नीट मोजून ठरवली की जास्तीचं सोडलं जात नाही, तुमच्या दृष्टीने हाही फायदाच.

रेडिओॲक्टिव्हचं खरं आहे, पण मुख्यतः बेराइटच्या बाबतीत, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. खडकात युरेनियम, थोरियम निसर्गतःच असतं, त्यातून रेडियम तयार होतं आणि पाण्यात येतं. रेडियम रसायनशास्त्राच्या दृष्टीने बेरियमसारखंच वागतं, त्यामुळे बेराइटच्या स्फटिकात बेरियमच्या जागी जाऊन बसतं. रेडियम २२६ चं अर्धायुष्य १६०० वर्षं, म्हणजे आपोआप जाणारं नाही. पाइपच्या आत बंद असताना बाहेरच्या माणसाला धोका कमी. धोका आहे तो सुका स्केल खरवडताना, घासताना, त्याची धूळ नाकातोंडात जाते तेव्हा. म्हणून वर काढलेलं ट्युबिंग आधी मीटरने तपासायचं, ओलं ठेवून साफ करायचं, मास्क लावायचा आणि निघालेला माल वेगळा साठवायचा. भावाला सांगा, जुने पाइप बोटीवर चढवताना तपासल्याचा कागद मागायचा त्याला हक्क आहे. आणि असे पाइप भंगारात तर अजिबात जाता कामा नयेत, शेडला नाहीतर कुंपणाला लोक ते वापरतात.

करंजा_कोळी

सांगतो त्याला आजच. कागद कोणी कधी दाखवला नाय त्याला. आभारी हाय ताई.

कळवा_ते_हाय

करंज्याच्या दादांसाठी, आमच्याकडे मीटर आहे, पण वापरायचा कोणी हे पाळी बदलली की बदलतं. पुढच्या टूलबॉक्स टॉकमध्ये (कामाआधीच्या सुरक्षेच्या बैठकीत) मी हा विषय घेतो.

नेरुळ_केम

काका, ताई, प्रोजेक्टसाठी सॉफ्टवेअर विकत घेणं आम्हाला शक्य नाही. फुकट काही आहे का? आणि कुठला भाग घेऊ, कॅल्साइट की बेराइट?

फेज_टू

बाळा, बेराइट घे. मिसळण्याचा हिशेब स्वच्छ असतो, वायूची भानगड कमी, आणि ताईंनी दिलेली ५ टक्क्यांची गंमत तू आलेखावर दाखवू शकशील. कॅल्साइटला कार्बन डायऑक्साइड तेल, गॅस, पाणी तिघांत कसा वाटला जातो ते आधी सोडवावं लागतं, त्यात अख्खं सेमिस्टर जाईल.

महापे_लॅब

काकांना अनुमोदन. अमेरिकेच्या भूगर्भ खात्याचा फ्रीक्यूसी (PHREEQC) नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो, त्याच्याबरोबरचा पिट्झर डेटाबेस घे, साधा घेतलास तर इतक्या खाऱ्या पाण्याला आकडे भरवशाचे येणार नाहीत. त्यात बेराइट आहे. समुद्राचं पाणी शून्य ते शंभर टक्के पाच-पाचच्या टप्प्याने मिसळ, पण शून्य ते दहामध्ये एक-एकचा टप्पा ठेव, तिथेच सगळं घडतं. प्रत्येक टप्प्याला इंडेक्स आणि पडणारं वजन दोन्ही काढ आणि एकाच कागदावर दोन रेघा काढ. मग तापमान ९० वरून ३० ला आणून तेच पुन्हा. प्रयोगासाठी पाणी बनवताना बेरियम क्लोराइड आणि सोडियम सल्फेट वेगवेगळ्या फ्लास्कमध्ये, मिसळायच्या आधी दोन्ही गाळून आणि टेस्टच्या तापमानाला आणून. बेरियम क्लोराइड विषारी आहे, तोंडाने पिपेट करायचं नाही, हातमोजे घालायचे. गाळलेलं पाणी मोजायला आयसीपी (धातू मोजायचं यंत्र) कॉलेजमध्ये नसेल तर मला व्यनि कर, आमच्याकडे विचारून बघते.